वन्संचा काळा स्क्रीन

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुना कॉम्प्युटर आज गेला. सकाळी चालू केला तर पंख्याचा आवाज आला, पण स्क्रीन उजळला नाही. वन्सं म्हणाल्या, "पुष्कळ केलं त्याने. आता सोड त्याला."

वही नवी आहे, म्हणून आधी घरातली माणसं लिहिते. ही माझी जुनी खोड. घरात दोघी. मी आणि वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं शाळेत जात होत्या. सासूबाईंनी मला त्यांना अहोजाहो करायला लावलं, ते तसंच राहिलं. त्या मला वहिनी म्हणतात आणि अगंतुगं करतात. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते या घरात कुणी विचारलं नाही, आणि आता विचारण्याचं वय राहिलं नाही.

पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन आहे. शाळा, क्लब, दुकानं यांचे बिल्ले आणि शर्टांवरची चित्रं आम्ही भरून देतो. चित्राचे टाके कॉम्प्युटरवर बसवायचे, ती फाइल मशीनला द्यायची, पुढचं मशीन करतं. तेव्हा कॉम्प्युटर गेला म्हणजे दुकानच बंद.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा कॉम्प्युटर आला. मुलगा फोनवरून सांगत गेला आणि वन्सं करत गेल्या. सगळं झाल्यावर त्यांनी त्याला विचारलं, "एकाच कॉम्प्युटरवर दोघींचं वेगवेगळं ठेवता येतं ना रे?"

"येतं की आत्या. दोन खाती काढ. तुझं तुला, आईचं आईला."

मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "वेगळं कशाला? इतकी वर्षं एकच होतं."

वन्सं म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझ्या रांगा विस्कटतात म्हणून तूच ओरडतेस ना? आता विस्कटायच्या नाहीत."

हे खरं आहे. माझा डेस्कटॉप मी नीट लावते. डावीकडे शाळा, मध्ये क्लब, उजवीकडे दुकानं, तातडीचं काम वरच्या कोपऱ्यात. वन्सं फाइल कुठेही टाकतात, बाजारातून येऊन पिशवी ओट्यावर टाकावी तशी.

तर आता दोन खाती. माझ्या खात्याला त्यांनी जुन्यासारखाच फिकट निळा रंग लावून दिला. त्यांच्या खात्याला पासवर्ड आहे. "तुलाही घालून देऊ का?" म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्याकडे झाकून ठेवण्यासारखं काही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वन्संनी आपल्या खात्यावर डार्क मोड लावला आहे. खिडक्या काळ्या, अक्षरं पांढरी, टाक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कापडाची जागासुद्धा काळी. मी म्हटलं, हे काय सुतक पाळल्यासारखं. त्या म्हणाल्या, "काळ्यावर रंग खरा दिसतो." हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे.

मागचं चित्रही बदललं आहे. एक तळं, काठाला बाक, पहाटेचं धुकं. नव्या कॉम्प्युटरबरोबर अशी चित्रं येतच असतील. बाकावर हिरवी पिशवी ठेवलेली आहे, नाडीला गाठ मारलेली, अगदी आमच्याकडे आहे तशी. मी वन्संना दाखवलं. म्हटलं, "बघा, कंपनीवाल्यांकडेही आपलीच पिशवी." त्यांनी लगेच फाइल उघडली, त्यामुळे चित्र झाकलं गेलं. कामाची घाई होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोरेवाले आले होते. हे आमचे जुने पुरवठादार, मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं रिळांचं दुकान आहे. पूर्वी महिन्यातून एकदा यायचे. आता आठवड्यालाच उगवतात. स्पर्धा वाढली असेल, गिऱ्हाईक सांभाळावं लागतं. माणूस व्यवस्थित आहे. टेबलावर काळं मखमली कापड पसरतात आणि त्यावर एकेक रीळ ठेवतात. आज निळ्याच्या अकरा छटा दाखवल्या. आम्हाला एकच हवी होती.

वन्संनी विचारलं, "हा कुठला म्हणायचा?"

"पहाटेचा," ते म्हणाले.

"पहाटेचा निळा कुठे असतो? राखाडी असतो."

"उशिरा पोचलं की निळा दिसतो."

वन्सं हसल्या. मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मी म्हटलं, आम्हाला शाळेचा निळा द्या, गडद, धुतला तरी न जाणारा. त्यांनी दिला. जाताना चष्मा टेबलावर विसरले. वन्सं जिन्यापर्यंत द्यायला गेल्या. बराच वेळ लागला, जिना अंधारा आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस वाईट गेला. मुलांच्या क्लबचे पिवळे शर्ट आम्ही परवा दिले होते, छातीवर काळा घोडा. आज क्लबचे मास्तर शर्ट घेऊन परत आले. घोड्याच्या तोंडापासून खालच्या अक्षरापर्यंत एक काळा दोरा तिरका गेलेला. एका शर्टावर नाही, सगळ्या शर्टांवर.

मास्तर म्हणाले, "बाई, आमचा घोडा पळणारा आहे. तुम्ही त्याला खुंट्याला का बांधलात?"

चूक अशी: एका भागातून दुसऱ्या भागात जाताना सुई दोरा ओढत नेते. तिथे दोरा कापण्याची खूण फाइलमध्ये घालावी लागते. ती राहिली. पांढऱ्या पडद्यावर ती तिरकी रेघ लगेच दिसली असती. वन्संनी फाइल काळ्यावर केली होती. काळ्यावर काळा दोरा कसा दिसणार?

दोघी दुपारभर कात्री घेऊन बसलो आणि एकेका शर्टावरचा दोरा कापला. मी बोलले. जरा जास्तच बोलले. म्हटलं, "रंग खरा दिसतो म्हणे. घोडा बांधला गेला तो दिसला नाही." आणि हेही म्हटलं, की या वयात असल्या सजावटीचं खूळ बरं नव्हे. वन्सं कात्री चालवत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "या वयात म्हणजे कुठल्या?"

प्रश्नाचा रोख मला कळला नाही.

२ मार्च, रविवार

वन्सं सकाळीच बाहेर पडल्या, मैत्रिणीकडे. ही मैत्रीण कोण ते मला माहीत नाही. रविवारचीच मोकळी असते म्हणतात.

संध्याकाळी आल्यावर मला मशीनसमोर बसवलं आणि सुई कशी बदलायची ते शिकवलं. इतकी वर्षं सुई त्याच बदलतात, मी फक्त फाइली करते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. मी म्हटलं, "आजच कशाला?" म्हणाल्या, "मला उद्या काही झालं तर?" "काय होणार आहे तुम्हाला? चेहरा तर असा तकतकीत झालाय." त्या एकदम सुईच्या डबीत बघू लागल्या.

तळ्याचं चित्र जाऊन आता दुसरं आलं आहे. एक गल्ली, गोदामांची बंद दारं, उन्हाचा पट्टा. कंपनीच्या माणसांना चित्रं निवडता येत नाहीत असं माझं मत झालं आहे.

६ मार्च, गुरुवार

माझ्या फाइलीला कुणीतरी हात लावला. दातांच्या दवाखान्याचे गडद निळे कोट आहेत, त्यांच्या खिशावर पांढरा दात. फाइल मी काल संपवली होती. आज उघडली तर बदलाची वेळ आज सकाळची, मी अंघोळीला गेले होते तेव्हाची. घरात दोघीच आहोत, तेव्हा कुणी हे विचारण्यात अर्थ नव्हता. तरी विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "तुझ्या दातात दोरा अडकला होता. काढला."

"म्हणजे?"

"कापायची खूण राहिली होती. तुझ्या पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसत नाही, वहिनी. माझ्या काळ्यावर दिसला."

"मग मला सांगायचं नाही?"

"घोड्यावरून तू अख्खी दुपार ऐकवलंस. आता दातावरून मी ऐकवत बसू?"

माझी चूक होती हे मला मान्य आहे. पण त्यांच्या खात्याला पासवर्ड आणि माझ्या फाइलीत त्यांना सरळ शिरता येतं, याला काय म्हणायचं? दिवसभर हेच डोक्यात होतं.

१० मार्च, सोमवार

मुलाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, की आत्याने त्याला विचारलं होतं, सगळ्या फाइली एका डिस्कवर कशा उतरवायच्या. मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, "मला काय माहीत? तू तिलाच विचार. आणि आई, तिला जरा तिचं तिचं राहू दे."

आता मला सगळं लख्ख दिसतं आहे. वेगळं खातं. पासवर्ड. फाइलींची नक्कल. मी खोलीत गेले की फोन ठेवणं. मला सुई बदलायला शिकवणं, म्हणजे मी उघड्यावर पडले असं नंतर वाटायला नको. आणि दोरेवाल्यांशी जिन्यात बोलणं. वन्सं वेगळा धंदा काढणार. शाळांची कामं घेऊन जाणार. शाळांना त्यांचाच हात आवडतो, हे मीही नाकारत नाही.

राग आलेला नाही. फक्त हिशेबाला लागले आहे. क्लब आणि दुकानं माझ्याकडे राहतील. तेवढ्यात एकीचं भागतं.

जेवताना वन्संनी माझ्या ताटात बघून विचारलं, "भूक नाही का?" म्हटलं, आहे.

११ मार्च, मंगळवार

दोरेवाल्यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. ते काळं कापड घासत बसले होते. मला बघून उभे राहिले, स्टूल पुसलं, मग दुसरं स्टूल पुसलं. मी एकटीच होते.

मी बसले नाही. म्हटलं, "वन्संशी तुमचं जे काही वेगळं चाललंय ते मला कळलंय. आमचं घर एक, काम एक. काही ठरवायचं असेल तर आधी माझ्याशी बोलायला हवं होतं."

त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. म्हणाले, "मी हेच म्हणत होतो. किती वेळा म्हटलं, आधी वहिनींना सांगू या. त्याच म्हणायच्या, थांबा, ती एकटी पडेल."

"कधीपासून चाललंय?"

"गेल्या पावसाळ्यापासून. तळ्यावर फिरायला जायचो मी, त्याही यायच्या. आधी फक्त नमस्कार."

मी म्हटलं, "तळ्यावर धंद्याचं काय बोलायचात?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "धंद्याचं नाही बोललो कधी. तुम्हाला... तुम्हाला काय कळलंय म्हणालात?"

मग मी बसले.

त्यांनी पाणी दिलं. सांगितलं, की आई होती ती वारली, दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, ऊन चांगलं येतं. फोटो काढायचा नाद आहे, बाकी व्यसन नाही. वय वन्संपेक्षा चार वर्षांनी जास्त. मी विचारलं नव्हतं, तरी सगळं सांगितलं, रिळं मांडल्यासारखं एकेक. शेवटी म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तर त्या येणार नाहीत. तसं मला स्पष्ट सांगितलंय."

येताना दुसरी बस चुकली. तिथून चालत आले.

हे खरं लिहायचं म्हणून लिहिते: मला आनंद झाला नाही. पहिला विचार मशीनचा आला, की मोठी ऑर्डर आली तर मशीनवर कापड ताणून धरायची फ्रेम कोण लावणार. दुसरा विचार असा, की संध्याकाळी दोन पेल्यांऐवजी एक चहा कसा करतात. भांडं लहान घ्यावं लागेल.

१२ मार्च, बुधवार

दोरेवाल्यांनी वन्संना फोन केला असणार. वन्सं दिवसभर माझ्याशी फक्त दोऱ्यांचे नंबर बोलल्या. मीही नंबरच बोलले.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी मशीन चालू होतं. ते चालू असलं की जरा मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे अवघड गोष्टी बोलायला ही वेळ बरी नाही. वन्संनी तीच निवडली.

"वहिनी, तू दुकानात जाऊन आलीस."

"गेले होते."

"मी सांगणार होते."

"कधी?"

"तुला सुई बदलता आली की." मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी सगळ्या फाइली उतरवून ठेवल्यात. शाळांच्यासुद्धा. माझ्यामुळे तुझं काही अडायला नको."

मी मशीनकडे बघत होते. शाळेचा बिल्ला चालला होता, पुस्तकाचं एक पान भरून झालं होतं. म्हटलं, "तुम्ही काम सोडणार?"

"मी कुठे सोडतेय? दोन बस बदलून रोज येईन. पण तू म्हणशील, गेली ती गेली, आता कशाला येता."

"मी असं कधी म्हटलं?"

"तू काय काय म्हणत नाहीस, आणि मनात ठेवतेस, हे मला लहानपणापासून माहितीये. दादाला माहीत नव्हतं तेवढं मला माहितीये."

दादा म्हणजे माझा नवरा. आमच्यात त्याचं नाव फार निघत नाही.

मग म्हणाल्या, "तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. हे मी रागाने म्हणत नाहीये. तू एकटी राहशील, हे मला खरंच जमणार नाही."

दोरा तुटला आणि मशीन थांबलं. एकदम शांत झालं. एवढ्या शांततेत उत्तर देणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "बघू."

वन्संनी दोरा ओवला.

१७ मार्च, सोमवार

अजून काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. माझ्या एका शब्दावर एवढं अडलं आहे, याची मला सवय नाही. या घरात माझ्या शब्दावर कधी काही अडलं नव्हतं. त्यात थोडं बरंही वाटतं आहे, हे लिहून ठेवते. ते बरं वाटणं मला आवडलेलं नाही.

मुलाला फोन केला. त्याला आधीपासून माहीत होतं. "मग मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुला दिसेल असं वाटलं होतं. आत्याने फोटोच लावून ठेवले होते समोर."

२२ मार्च, शनिवार

वन्सं शाळेत माल पोचवायला गेल्या होत्या. दवाखान्याने आणखी कोट मागवले आहेत. मी दाताची नवी फाइल केली. मग सेटिंगमध्ये जाऊन माझ्या खात्यावर डार्क मोड लावला. माझ्या रांगा तशाच राहिल्या, फक्त काळ्यावर. दात एकदम उठून दिसला आणि त्याच्या मुळाशी राहिलेला एक पांढरा दोरासुद्धा. खूण घातली. मग पुन्हा पांढरं केलं, काळी अक्षरं तपासली. मग पुन्हा काळं. असं चार-पाच वेळा केलं. कामासाठी एवढ्यांदा करण्याची गरज नव्हती.

सुई बदलून पाहिली. पहिल्यांदा उलटी बसली, दुसऱ्यांदा नीट.

वन्सं आल्यावर त्यांना स्क्रीन दाखवला. म्हटलं, "दोन्हीवर तपासलं. मला करता येतं. तुम्ही जा."

त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्या म्हणाल्या, "एवढं सोपं होतं?"

मी म्हटलं, "एकच तर बटण आहे."

त्या आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता. मी जेवणाचं बघितलं. ताटं घेताना म्हटलं, "दोन बस कशाला बदलायच्या? त्यांची स्कूटर आहे ना?" वन्सं म्हणाल्या, "ते फार हळू चालवतात." म्हटलं, "मग बरंय. लवकर निघा."

२५ एप्रिल, शुक्रवार

नोंदणी कचेरीत सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी, मुलगा, आणि दोरेवाल्यांच्या शेजारचे कुलपांचे दुकानदार. मुलाने माझ्या सहीचा फोटो काढला. दोरेवाल्यांनी नवा सदरा घातला होता, त्याच्या घडीची रेघ पाठीवर तशीच होती. वन्संनी ती हाताने दोनदा सारखी केली. गेली नाही.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, राहू का चार दिवस?" म्हटलं, तुझी रजा वाया घालवू नकोस. तो राहिला.

२८ एप्रिल, सोमवार

मुलगा काल संध्याकाळी गेला. सकाळी कामाला बसले तेवढ्यात बेल वाजली. या वेळेला आमच्याकडे कुणी येत नाही. दार उघडलं तर वन्सं. बाहेर पायपुसण्यावर उभ्या, हातात हिरवी पिशवी.

"किल्ली विसरलात का?"

"आहे की." पिशवीतून काढून दाखवलीसुद्धा.

"मग बेल कशाला?"

"एकदम आत यावं की नाही, कळेना."

ज्या घरात त्या जन्मल्या, रांगल्या, त्याच्या दारात उभ्या राहून त्या हे बोलत होत्या, आणि दार उघडणारी मी होते. म्हटलं, "पाहुणी म्हणून आला असाल तर बसा, चहा करते. कामाला आला असाल तर फ्रेम लावायची राहिलीये."

"दोन्ही," त्या म्हणाल्या आणि चपला काढल्या.

चहा मात्र मला करू दिला नाही. मी फ्रेमचे स्क्रू सोडवत होते. आतून त्यांनी हाक मारली आणि विचारलं, साखर कुठे ठेवली आहेस.

मी जागा बदललेली नव्हती. तरी उठून आत गेले आणि त्यांना दाखवली.